दशरथ मिस्त्रीची रडकी भिंत

मी एक जुना काळा दगड आहे आणि गेली सदतीस वर्षं घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका भिंतीत अडकून पडलो आहे. मित्रांनो, अडकून म्हणजे अगदी अडकून. डावीकडे दगड, उजवीकडे दगड, डोक्यावर दगड, बुडाखाली दगड आणि मधल्या सगळ्या फटींत सिमेंट. पाठीला टेकडीची माती. तोंड तेवढं गल्लीकडे. तुम्हाला वर्गात हाताची घडी घालून पाच मिनिटं बसवलं तर तुमची चुळबुळ सुरू होते. मला चुळबुळसुद्धा करता येत नाही.

तसा मी जन्मापासून असा बसका नव्हतो बरं का. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मी चक्क वाहत होतो. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तापून लाल झालेला रस बाहेर आला आणि पसरत गेला. त्या रसात मी होतो. मग तो रस निवला, घट्ट झाला आणि त्याचा काळा खडक बनला. पुस्तकात आम्हाला बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे आमचेच, हे जरा अभिमानानंच सांगतो. पण कड्यावर बसून वारा खाणारे नातेवाईक वेगळे आणि मी वेगळा. मी जमिनीच्या पोटात दबलेला होतो आणि कोट्यवधी वर्षं मला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मग एके दिवशी मुलुंडकडच्या एका खदानीत सुरुंग उडाला. केवढा आवाज! मी खडकापासून सुटलो आणि उन्हात येऊन पडलो. मला वाटलं, सुटलो एकदाचा. ट्रकमध्ये चढवलं तेव्हा तर मी हरखूनच गेलो. पाऊण तास मी मुंबई पाहिली. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक प्रवास, म्हणून मला त्यातला प्रत्येक खड्डा आठवतो. ट्रक टेकडीच्या पायथ्याशी थांबला आणि मी दशरथच्या हाती लागलो.

दशरथ मालवणकडचा. मुंबईत गिरणीत लागला होता, पण गिरणी बंद पडली आणि त्यानं हातात गवंड्याची थापी घेतली. तेव्हा तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. त्यानं मला उचललं, तीनदा उलटंपालटं केलं, हातोडीनं माझा एक कोपरा उडवला आणि भिंतीच्या तिसऱ्या थरात दाबून बसवलं.

"बस आता हंयच," तो म्हणाला. मी बसलो. दुसरं काय करणार?

माझ्या बरोबर खाली त्यानं हातभर लांबीचा नळीचा तुकडा घातला, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. नळीच्या मागच्या तोंडाशी खडी भरली, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. अशा नळ्या त्यानं भिंतभर दोन ओळींत बसवल्या. येणारेजाणारे थट्टा करायचे, "काय मिस्त्री, भिंत बांधताय की चाळण?"

दशरथ हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "पाणी अडला तर भिंत जातली. तेका वाट व्हयी."

आता माझ्या पाठीमागच्या मातीबद्दल सांगतो. माती म्हणजे आमचंच लेकरू. ऊन दगडाला तापवतं, पाऊस गार करतो, भेगा पडतात, भेगांत मुळं शिरतात, आणि दगडाचा मुरूम, मुरमाची माती होते. त्यात पालापाचोळा कुजतो, गांडुळं फिरतात. तुमच्या बोटाच्या एका पेराएवढा मातीचा थर व्हायला शेकडो वर्षं लागतात. आणि वाहून जायला? पावसाची एक दुपार पुरते. पूर्वी या टेकडीवर गवत होतं, करवंदीच्या जाळ्या होत्या. त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. मग माणसांना राहायला जागा हवी झाली, जाळ्या गेल्या, घरं आली. त्यांचं तरी काय चुकलं? पण माती मोकळी झाली ती झालीच. पावसात ती खाली घसरू पाहते, म्हणून आम्हाला तिच्यासमोर असं उभं केलेलं आहे.

पावसाळाभर टेकडीत मुरलेलं पाणी माझ्या हनुवटीखालच्या नळीतून ठिबकायचं. जोराचा पाऊस असला की धार लागायची. दिवाळीपर्यंत ठिबक चालायची. नळ्यांखाली शेवाळ धरायचं, तांबूस ओघळ उमटायचे. गल्लीतल्या पोरांनी आमचं नाव पाडलं, रडकी भिंत. हळूहळू मोठी माणसंही तसंच म्हणू लागली. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर 'दशरथ मिस्त्रीच्या रडक्या भिंतीजवळ'. दशरथ हसायचा. दर वर्षी मे महिन्यात लोखंडी सळई घेऊन यायचा आणि एकेक नळी खरवडून साफ करायचा. केस पिकले, गुडघे दुखू लागले, तरी त्याची ही फेरी चुकली नाही.

खरं सांगू? मला दशरथचा रागच होता. पाणी रोज माझ्या खालून निघून जायचं. गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात. जाता जाता मला चिडवायचंही. आणि मी तिथल्या तिथे. नुसती वीतभर जागा मिळाली असती तरी मी पुढे सरकून गल्लीत उडी घेतली असती. तशी जागा मिळाली, पण ती कशी मिळाली ते ऐका.

भिंतीच्या समोर, चार पावलांवर, एक बालवाडी आहे. एक खोली, एक खिडकी, एक दार. दार भिंतीकडेच उघडतं, कारण मागच्या बाजूला दुसऱ्याचं घर आहे. उत्तराबाई तिथे एकोणीस मुलांना शिकवतात. त्यांत निधी आहे, दशरथची नात. पाच वर्षांची, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली, आणि प्रश्न विचारायला लागली की बाईसुद्धा दमून पाणी पितात. निधीचा बाप नितेश हा गल्लीतल्या गणपती मंडळाचा कार्याध्यक्ष. पोरगा मनानं चांगला, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की शिरली.

या वर्षी नागपंचमी झाली आणि दशरथ गावी गेला. त्याच्या घरचा गणपती गावाला असतो. घर सारवायचं, रंग द्यायचा, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटवी बांधायची, म्हणून तो आधीच जातो. नितेशला मंडळामुळे जाता येत नाही. बाप गाडीत बसला आणि इकडे नितेशनं मंडळाच्या पोरांना भिंतीसमोर उभं केलं.

"हे बघा, बाबांची भिंत आहे ही," तो म्हणाला. "साला सगळा एरिया हिला रडकी म्हणतो. लहानपणापासून ऐकतोय मी. या गणपतीला हिच्यावर असं झकास चित्र काढायचं ना, की बघतच राहतील. आपलं मालवण काढायचं. कौलारू घर, माड, खाडी, होडी. आणि खाली मोठ्या अक्षरात बाबांचं नाव. ते परत येतील तेव्हा सरप्राइज."

"पण नितेशदादा, रंग टिकणार कसा? भिंत गळते ना," एकानं विचारलं.

"मग भोकं बुजवून टाकू. त्यात काय एवढं?"

मित्रांनो, नितेशला दुष्ट म्हणू नका. त्यानं हे बापावरच्या प्रेमापोटी केलं. बापाची भिंत रडते याची त्याला लाज वाटत होती. पण ती रडत नव्हती, श्वास घेत होती, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दशरथ दर वर्षी सळई घेऊन एकटाच जायचा. मुलाला सोबत घ्यावं, समजावून सांगावं, हे त्याच्याही मनात आलं नाही. तो घरी कमी बोलणारा माणूस.

त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली होती. पोरांनी नळ्यांत चिंध्या कोंबल्या आणि वरून सिमेंट थापलं. माझ्या खालची नळी बंद झाली तेव्हा मला एकदम कानात बोटं घातल्यासारखं झालं. मग चार दिवस रंगकाम चाललं. कौलारू घर आमच्या पलीकडच्या दगडांवर आलं, एक उंच सरळ माड माझ्या डावीकडून वर गेला. माझ्या वाट्याला गाईचं शेपूट आलं. सह्याद्रीचा नातेवाईक मी, आणि तोंडावर शेपूट! पण लोक थांबून फोटो काढू लागले. सदतीस वर्षांत माझ्याकडे कोणी कौतुकानं पाहिलं नव्हतं. तेव्हा थोडा मीही फुशारलो, लपवत नाही.

मग पाऊस परतला. दोन दिवस आणि दोन रात्री तो थांबलाच नाही. टेकडीत पाणी मुरत गेलं, उतरत उतरत माझ्या पाठीशी आलं, नेहमीची वाट शोधू लागलं. वाट बंद. ते साठू लागलं. माती आधी ओली झाली, मग जड झाली, मग तिची लापशी झाली. ती सगळी माझ्या पाठीवर रेलली. मी ओरडत होतो, पण दगडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? बाहेरून चित्र छान कोरडं दिसत होतं. नितेश छत्री घेऊन येऊन पाहून गेला आणि खूश झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. ऊन पडलं. सगळे निर्धास्त झाले, आणि धोका तर आता खरा होता, कारण वरचं पाणी अजून खाली उतरतच होतं. बालवाडी उघडली. गल्लीत सगळीकडे तांबडा चिखल आला होता, मुलांचे पाय बरबटलेले. "बाई, हा चिखल कुठून आला?" निधीनं विचारलं.

उत्तराबाईंनी त्या दिवशी गाणी बाजूला ठेवली आणि दोन ताटं काढली. दोन्हींत माती भरली, एका बाजूनं उचलून उतार केला. एका मातीवर गवताचा तुकडा मुळांसकट ठेवला, दुसरी उघडी ठेवली. मग दोन्हींवर झारीनं पाणी घातलं. उघड्या मातीतून तांबडं पाणी धो धो वाहिलं. गवताच्या ताटातून जवळजवळ स्वच्छ पाणी आलं.

"बघितलंत? मुळांनी माती घट्ट धरून ठेवली," बाई म्हणाल्या.

"आणि गवत नसलं तर?"

"तर मग भिंत बांधावी लागते. चला, आपण बांधू या."

गणपतीसाठी आणलेली शाडूची माती होतीच. मुलांनी खडे आणि शाडू लावून एका टबात वीतभर भिंत केली. बाईंनी तिच्यात सरबताच्या नळीचे तुकडे खोचले आणि मागे माती भरली. पाणी घातलं तसं नळ्यांतून टपटप बाहेर आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात निधीनं शाडूच्या गोळ्या करून एकेका नळीचं तोंड बंद केलं.

"अगं, हे काय करतेस?"

"पप्पांनी असंच केलं ना. म्हणजे ती रडत नाही."

बाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. एक मुलगा ओली माती तोंडात घालत होता. निधीनं झारी उचलली आणि भिंतीमागे ओतली. सगळी ओतली. छोटी भिंत मधून फुगली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि धपकन पुढे कोसळली. माती, पाणी, खडे, सगळं टबाबाहेर. मुलं आनंदानं किंचाळली. निधी हसली नाही. ती खिडकीतून माझ्याकडे पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या भिंतीची भोकं पण पप्पांनी बंद केलीत."

उत्तराबाईंनी मान वळवली. भिंतीवरचा सरळ काढलेला माड मधोमध वाकला होता. त्याच्या शेजारून एक नवी चीर खालपासून वरपर्यंत गेली होती. बाईंनी आवाज हलू दिला नाही. "मुलांनो, दोरीचा खेळ. सगळ्यांनी दोरी धरायची. आवाज न करता बाहेर आणि डावीकडे. जो बोलेल तो बाद."

दार भिंतीकडेच उघडतं हे मी तुम्हाला सांगितलं आहे. म्हणजे एकोणीस मुलांना माझ्यासमोरून जायचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी माझ्या बाजूचं सिमेंट तडकलं. मला जागा मिळाली. वीतभर नाही, बोटभर, पण सुटायला तेवढी पुरे होती. मागून पाणी रेटत होतं. चल, ते म्हणत होतं, इतकी वर्षं तुला निघायचं होतं ना?

होतं. सदतीस वर्षं होतं. पण माझ्यासमोरून दोरीला धरून इवलीशी डोकी चालली होती. एक, दोन, पाच. मी अंग चोरलं आणि शेजारच्या दगडात कोपरा रुतवला. दशरथनं उडवलेला तोच माझा तुटका कोपरा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कोणीतरी मला आणखी घट्ट दाबून धरावं. अकरा, बारा. अनय नावाचा एक मुलगा मध्येच थांबला, त्याची चप्पल चिखलात रुतली होती. तो ती शांतपणे उपसू लागला. बाईंनी त्याला चपलेशिवाय उचललं. सतरा, अठरा. शेवटी निधी. तीही माझ्याकडे मान वळवून बघत गेली.

मुलं कोपऱ्यावरच्या देवळात पोचली. बाईंनी नितेशला फोन केला. तो धावत आला आणि वाकलेला माड पाहून जागीच थिजला. "वाट लागली," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग त्यानं बापाला फोन लावला, स्पीकर चालू करून. "बाबा, भिंत फुगलीय. मी... मी भोकं बुजवली होती. चित्रासाठी."

पलीकडून दशरथचा आवाज आला. "पोरां खंय आसत?"

"बाहेर काढलीत. सगळी."

"वरच्या घरातली माणसां?"

"आत्ता काढतो."

"आधी तेंका काढ. मगे भोकां फोड. वरची ओळ आधी, खालची मागसून. समोर उभो रवू नको, बाजूक रवान फोड. आणि नितेश..."

"हां बाबा?"

"चित्राचो विचार करू नको."

भिंतीच्या वर टेकडीवर असलेल्या घरातली माणसं बाहेर आली. नितेशनं लांब पहार घेतली आणि बाजूला उभा राहून पहिलं सिमेंट फोडलं. तांबडं पाणी पिचकारीसारखं गल्लीपार उडालं, थेट बालवाडीच्या दारावर. त्यानं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही. माझ्या खालची नळी मोकळी झाली तेव्हा पाठीवरचं ओझं हळूहळू, हळूहळू उतरलं. तेवढ्यात अगदी वरच्या थरातला एक दगड निसटला आणि बालवाडीच्या उंबऱ्यासमोर चिखलात पडला. अनयची चप्पल त्याच्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी दशरथ आला. घरच्या गणपतीची तयारी भावाच्या हवाली करून, अख्खी रात्र बसमध्ये बसून. चित्राचा पार चिखल झाला होता, होडी बुडाली होती, गाय ओळखू येत नव्हती. नितेश ओल्या फडक्यानं बापाच्या नावावरचा चिखल पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, तुम्हाला सगळे हसतात म्हणून केलं मी."

दशरथ त्याच्याशेजारी उकिडवा बसला. "मी तुका कधी सांगूकच नाय रे," तो म्हणाला. "चूक माझी पण आसा." मग त्यानं मुलाच्या हातातलं फडकं घेतलं. "माझा नाव कित्याक होया हंय? रंग उरलो आसा तर ह्या भोकांच्या वर लिव, बुजवू नका म्हणान."

नितेशनं तसं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण दगड अजून ओले होते.

मग महापालिकेचे इंजिनीअर आले. त्यांनी आमच्या फुगलेल्या भागाला लाल खुणा केल्या, एक खूण माझ्यावरही आहे. गल्ली दोरी लावून बंद केली. बालवाडी सध्या मंडळाच्या मांडवात भरते. पाऊस संपला की हा भाग उतरवून पुन्हा नीट बांधणार आहेत. दशरथनं सांगितलंय की या वेळी सळई नितेशच्या हातात राहील, आणि निधीनं सांगितलंय की तिच्या हातात राहील. त्यावरून घरात भांडण चालू आहे म्हणे.

मित्रांनो, थोड्याच दिवसांत मला भिंतीतून काढून मोकळ्या जागेवर ठेवतील. चारी बाजूंनी वारा लागेल. कदाचित कोणी म्हणेल, हा जुना झाला, द्या टाकून. कृपा करून तसं करू नका. मला पुन्हा तिथेच बसवा, त्या एकोणीस मुलांच्या समोर, आणि चारी बाजूंनी घट्ट दाबून बसवा. माती मी धरून ठेवीन. पाण्याची वाट तेवढी तुम्ही मोकळी ठेवा.